तुम्ही विचारलंत म्हणून: कोरी राहिलेली ओळ

"मेलेल्या माणसाच्या फॉर्मवर काय लिहिलंय, यावरून एवढं भांडता कशाला डॉक्टर?" निवासी डॉक्टरांना चार नंबरचा फॉर्म, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, भरायला शिकवतो, तेव्हा दर खेपेला कुणीतरी विचारतंच. एकदाच सांगून टाकतो.

पहिल्या ओळीवर बहुतेक जण लिहितात 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', हृदय आणि श्वास थांबला. म्हणजे माणूस मेला, एवढंच. हृदय थांबल्याशिवाय कोण मरतं? खाली 'सिरोसिस', म्हणजे लिव्हर निबर होऊन निकामी होणं. त्याच्याही खालची, मूळ कारणाची ओळ कोरी. लिव्हर खराब करणारा, रक्तातून आणि आईकडून बाळाला लागणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू तिथे गायब होतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, हिपॅटायटिस सी (लिव्हरचाच दुसरा विषाणू) असल्याचं माहीत असलेल्या मृतांपैकी जेमतेम १९ टक्क्यांच्या दाखल्यावर त्याचं नाव निघालं. म्हणजे आळस एकट्या आपल्याकडचा नाही.

माझी कोरी ओळ मात्र आळसाची नव्हती.

टेम्पो चालवायचा, वय अडतीस. रक्ताच्या उलट्या होऊन पहाटे गेला. रिपोर्ट माझ्यासमोर होता, हिपॅटायटिस बी. भाऊ टेबलावर वाकून म्हणाला, "साहेब, ते काविळीचं लिहू नका. बहिणीची सुपारी फुटलीय." मी सिरोसिसवर थांबलो. माणुसकी केली असं वाटलं. लग्नाचे पेढेही खाल्ले.

बारा वर्षांनी त्या टेम्पोवाल्याची बायको मुलाला घेऊन आली. कॉलेजच्या रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीनं त्याला बोलावून घेतलं होतं. हिपॅटायटिस बी. ती म्हणाली, "हे कधी थेंबाला शिवले नाहीत. पण लिव्हर म्हटलं की गाव दारूच म्हणतं. हा पोरगाही तेच धरून बसला होता." मुलगा माझ्याकडे बघत नव्हता.

आता म्हणाल, फॉर्मवर लिहिलं असतं तर पोराची तपासणी झाली असती का? नसती. ती मी तोंडानं सांगायची होती, त्याच पहाटे. पण कागदावर गिळलेली गोष्ट तोंडातून कशी यावी?

वर कायदा! जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे घरच्यांना मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापतच नाहीत. सुपारीला धक्काही लागला नसता. डॉक्टर असून मला हे ठाऊक नव्हतं. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यावी लागते. म्हणजे त्या भावाची भीती आज जास्त खरी आहे, आणि तेव्हाचा मी अगदीच मूर्ख नव्हतो, असं कधीकधी वाटतं.

मागच्या वर्गात एकीला म्हटलं, लिही, आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला लाव.

"आणि लग्न मोडलं तर, सर?"

मी पुढची स्लाइड लावली.