वर्गात टाकलेली वडापावची गाडी

अकरावी कॉमर्सची मुलं ‘घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा’ झोपेतसुद्धा म्हणतील. पण फळ्यावर साधा व्यवहार लिहिला की पेन अडतं. म्हणून यंदा रोजकीर्द, म्हणजे रोजचे व्यवहार नोंदवायची वही, शिकवण्याआधी बाकं मागे सरकवली आणि वर्गातच वडापावची गाडी टाकली.

एकेक मूल एकेक खातं झालं: रोख, भांडवल, बँक, खरेदी, विक्री. डाव्या हातात नावेच्या (डेबिट) चिठ्ठ्या, उजव्या हातात जमेच्या (क्रेडिट). व्यवहार कुठलाही असो, नावेची आणि जमेची रक्कम सारखीच हवी. मालकीणबाईंनी १०,००० रुपये घातले. रोख आणि भांडवल उठले. त्यातले ६,००० बँकेत भरले. १,५०० चा माल चेकने घेतला. दिवसाची विक्री ९०० रुपये, रोख.

मालकीण झालेल्या मुलीच्या आईची खरोखरच चहाची टपरी आहे. तिने सवयीने गल्ल्यातून २०० रुपये उचलले.

“कशाला?” रोख झालेल्या मुलाने हात धरला.

“घरी भाजी न्यायची आहे.”

“मग गाडीचा खर्च कसा होईल?”

‘उचल’ नावाचं नवं खातं त्यांनी स्वतःच उभं केलं. मालक वेगळा, धंदा वेगळा, हे गळी उतरवताना एरवी माझी दमछाक होते.

खरी गंमत पुढेच होती. कोपऱ्यात एक मुलगा स्वतंत्र वही घेऊन प्रत्यक्ष बँक म्हणून बसला होता. गाडीच्या वहीत ६,००० बँकेच्या नावे, तर त्याच्या वहीत तेच ६,००० गाडीच्या खात्यात जमा! “मॅडम, आईच्या मोबाइलवरही ‘क्रेडिट’ असाच मेसेज येतो. मग आपण नावे का लिहितो?” मालकीणबाईंनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत बँकवाला म्हणाला, “अगं, तुझे पैसे माझ्याकडे आले. ते मला तुला परत द्यायचेत. माझ्या वहीत तू धनको, तुझ्या वहीत मी ऋणको.” हे मी कितीही घोकून घेतलं असतं, तरी त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ आलं नसतं. नियम आधी आणि व्यवहार नंतर, हा आपल्याकडचा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, मांडली. नावे बाजूला रोख ४,७००, बँक ४,५००, खरेदी १,५००, उचल २००. जमा बाजूला भांडवल १०,०००, विक्री ९००. दोन्हीकडे १०,९००! वर्गाने बाकं वाजवली.

तेवढ्यात बँकवाल्याने वही वर धरली. “माझ्याकडे हिचे अजून ६,००० आहेत.”

किराणा दुकानदार झालेल्या मुलाकडे सगळे वळले. चेक त्याच्या खिशातच होता. “तीन महिने चालतो ना मॅडम? भरतो की.”

आपली आणि बँकेची वही जुळवण्याचा, म्हणजे बँक जुळवणीचा, धडा अजून कितीतरी पुढे होता. पण खडू मालकीणबाईंनी केव्हाच हातात घेतला होता: वहीप्रमाणे शिल्लक ४,५००, अधिक बँकेत अजून न भरलेला चेक १,५००.