क्योल्नवरचा डाईव्ह आणि २१ जूनची दुपार

लीड्सहून ऑर्कनीला जायचं म्हणजे अख्खं स्कॉटलंड खालून वरपर्यंत पार करायचं आणि मग स्क्रॅबस्टरहून दीड तास फेरी. त्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही, पाऊस होता आणि ट्रकमागून ट्रक होते, बस. मला लिहायचंय ते स्कापा फ्लोच्या तळाशी पडलेल्या क्योल्न या जर्मन जहाजाबद्दल, आणि डाईव्ह-बोटीवर आठवडाभर ज्या गोष्टीचा कुणी विषयच काढला नाही तिच्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्कापा फ्लो म्हणजे ऑर्कनीच्या बेटांनी वेढलेला मोठा शांत समुद्र, दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश आरमाराचा तळ. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबल्यावर जर्मनीची ७४ लढाऊ जहाजं इथे आणून नजरकैदेत ठेवली, आणि त्यांच्यावर खलाशीसुद्धा. किनाऱ्यावर उतरायचं नाही, शेजारच्या जहाजावर जायचं नाही, जेवण जर्मनीहून येणार, पत्रं तपासली जाणार. असे सात महिने! तिकडे तहाची बोलणी चाललेली आणि इथे अ‍ॅडमिरल फॉन रॉयटर या जर्मन ताफ्याच्या प्रमुखाला बातम्या कळायच्या त्या चार-चार दिवस शिळ्या पेपरातून. त्याच्या हिशोबाने युद्धविरामाची मुदत २१ जूनला संपत होती (ती वाढवलीय हे त्या शिळ्या पेपरात कुठून असणार), म्हणजे आता ब्रिटिश ही जहाजं ताब्यात घेणार. त्या सकाळी ब्रिटिश ताफा सरावाला बाहेर पडला आणि यानं ठरलेला सिग्नल दिला, सगळीकडे समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह आतून उघडले गेले, आणि संध्याकाळी पाचपर्यंत ५२ जहाजं तळाला.

नंतर अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्याने, ज्याला जहाज वर काढायचा काडीचा अनुभव नव्हता, १९२४ पासून एकेक करत कितीतरी जहाजं वर काढली. आत हवा भरून, उलटी तरंगवत. आता डाईव्ह करण्यासारखी मोठी सात उरलीत, तीन बॅटलशिप आणि चार क्रूझर. क्योल्न त्यातली एक क्रूझर.

मी डायव्हिंग शिकले तारकर्लीला, त्यामुळे थंड पाण्याचं सगळं इथे आल्यावर नव्याने शिकावं लागलं. ड्राय सूट म्हणजे आत जाड कपडे घालायचे आणि मान-मनगटाला रबराचं सील, पाणी आत येताच कामा नये. मी भाड्याने आणलेल्या सूटचं डाव्या मनगटाचं सील गळत होतं. दुकानदाराला मी निघताना दोनदा विचारलं होतं, त्याने ‘एकदम नवं आहे’ म्हणून हातात दिलं. पहिल्याच डाईव्हला दहा डिग्रीचं पाणी कोपरापर्यंत आलं आणि बोटं इतकी बधिर झाली की सूटमध्ये हवा भरायच्या इन्फ्लेटरचं बटण दाबलंय की नाही तेच कळेना. तीस मीटर खाली हा प्रकार म्हणजे नुसती गैरसोय नाही, जिवाशी खेळ आहे. अशा लोकांचा मला भयंकर राग येतो. आमच्या स्किपरने मात्र रात्री जेवण झाल्यावर स्वतः बसून नवीन सील चिकटवून दिलं, पैसे घ्यायला साफ नकार. ऑर्कनीची माणसं अशीच, फार बोलत नाहीत पण वर आलात की बोटीच्या लिफ्टवरून पाय डेकवर टेकायच्या आत चहाचा मग हातात.

तर क्योल्न. शॉट लाईन (वरून जहाजापर्यंत सोडलेला दोर) धरून खाली जाताना आधी हिरवं, मग गडद हिरवं, ओठ बधिर झालेले (थंडी पहिली ओठांनाच लागते, तोंडातल्या रेग्युलेटरच्या, म्हणजे श्वास घ्यायच्या यंत्राच्या बाजूने), आणि वीस-बावीस मीटरला एकदम खालून जहाजाची बाजू वर येते. दीडशे मीटरहून लांब जहाज उजव्या कुशीवर पडलंय, त्यामुळे डेक म्हणजे उभी भिंत आणि त्या भिंतीतून सगळं आडवं बाहेर आलेलं. तिच्या कडेकडेने खाली उतरायचं. पांढरी-केशरी अ‍ॅनिमोन (फुलांसारखे दिसणारे समुद्री प्राणी) इतकी की लोखंड शोधावं लागतं. इथे काही रंगीत नसतं म्हणणाऱ्यांनी एकदा टॉर्च लावून बघावं.

मग कॉनिंग टॉवर आला, लढाईत कप्तान ज्याच्या आत उभा राहायचा ती चिलखती खोली. जाड पोलादात पत्रपेटीच्या फटीएवढ्या खिडक्या, मी एकीवर टॉर्च धरला. कडेला गंजाचे पापुद्रे, फटीच्या तोंडाशीच एक छोटं अ‍ॅनिमोन, आत नुसता गाळ तरंगत होता. माझी बडी, म्हणजे पाण्याखालची जोडीदार, यॉर्कशायरची रिटायर्ड नर्स, तिने खूण केली चल म्हणून आणि मी अजून एक मिनिट मागितलं. हे जहाज कुणी लढाईत बुडवलं नव्हतं. ज्यांनी ते सात महिने घर म्हणून वापरलं त्यांनीच व्हॉल्व्ह उघडले आणि होड्यांत बसून निघाले, घरी जायला मिळेल म्हणून.

आणि इथेच मला बोटीवरच्या गप्पा खटकतात. तोफा किती इंची, चिलखत किती जाड, कुठलं जहाज किती वाजता बुडालं, सगळं सगळ्यांना पाठ. पण त्या दुपारी होड्यांमधून येणाऱ्या निःशस्त्र जर्मन खलाशांवर ब्रिटिशांनी गोळ्या झाडल्या, काहींनी तर पांढरे बावटे दाखवले होते, आणि नऊ जण मेले, हे कुणी बोलत नाही. मेलेल्यांत मार्कग्राफ या बॅटलशिपचा कप्तान शूमान होता. बरोब्बर एका आठवड्याने, २८ जूनला, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. आणि हे सगळं चाललेलं असताना स्ट्रॉमनेसच्या शाळेची मुलं ‘फ्लाइंग केस्ट्रल’ नावाच्या बोटीतून त्या ताफ्याच्या मधोमध सहलीला आली होती, जर्मन जहाजं बघायला! एका बाजूला मुलं, एका बाजूला बंदुका. मला पाण्याखाली राहून राहून तेच आठवत होतं.

मी जेवताना विषय काढला तर एकजण म्हणाला, युद्धात हे व्हायचंच. अहो पण युद्ध संपलं होतं ना! लढाई थांबून सात महिने झाले होते. स्किपर तेवढा म्हणाला, वारा सुटला तर लायनेसला जाऊन ये.

वारा सुटलाच. डायव्हिंग रद्द, सगळे पबमध्ये, मी आणि बडी फेरीने हॉय बेटावर लायनेसच्या आरमारी कबरस्तानात. ब्रिटिश खलाशांच्या रांगाच रांगा आणि त्यांच्यातच जर्मन कबरी, शूमानचीही. गवत नीट कापलेलं, कुणीतरी मनापासून राखतंय. बडी नर्स म्हणून जन्मभर मरण बघितलेली बाई, ती म्हणाली, ‘हे ब्रीफिंगमध्येच सांगायला हवं.’ अगदी खरं. पाच मिनिटं लागतात. ‘रॉयल ओक’ या ब्रिटिश युद्धनौकेबद्दल तर सांगतातच, १९३९ ला जर्मन पाणबुडीने बुडवलेलं, आठशेहून जास्त माणसं त्याच्याबरोबर गेली, तिथे डाईव्हला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. मग या नऊ जणांनी काय केलंय?

बाकी दिवस ड्रेस्डेन, कार्ल्सरूह या दुसऱ्या क्रूझर, भरपूर सूप आणि रात्री अकरालाही न मावळणारा उजेड.

मार्कग्राफ राहिलं. ते पंचेचाळीस मीटरवर उलटं पडलंय, माझं सर्टिफिकेशन तेवढं नाही आणि स्किपरने विचारायच्या आधीच नाही म्हणून सांगितलं. या हिवाळ्यात स्टोनी कोव्हच्या खाणीत डेकोचा (खोल डाईव्हनंतर टप्प्याटप्प्याने वर येण्याचा) कोर्स लावलाय, तिथलं पाणी याहूनही थंड असतं. सूट यावेळी स्वतःचा घेतलाय.