डोळे मिटले की पाय हरवतात

"मला चक्कर येत नाही हो, मी नुसती पडते." काकूंचं हे वाक्य मी केस पेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं. डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी पाठवताना चिठ्ठीवर गुडघ्यांचे व्यायाम लिहिले होते. सोबत सून होती. न्हाणीघरातली फरशी बदलून झाली, बीपी पाहून झालं, शेवटी "वय झालं" असं सगळ्यांनी ठरवलं होतं. साठीतल्या बाईच्या पडण्याला लोक किती पटकन वयाचं नाव देतात, याचा मला मनापासून राग येतो.

कधी पडता, असं खोदून विचारलं. तोंडाला साबण लावल्यावर. डोक्यावर तांब्या ओतताना. रात्री लाईट गेली की भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. सकाळी उजेडात तुळशीला पाणी घालताना मात्र काहीच होत नाही.

त्यांना पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे असताना ठीक होत्या. "आता मिटा" म्हटलं आणि दोन्ही बाजूंनी हात धरले. क्षणभर डोलल्या आणि सगळा भार माझ्या अंगावर आला. सून ओरडलीच. रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण नोंदवली. तिला यंत्र लागत नाही, फक्त पेशंटला सावरायला आपण जवळ हवं.

मग टेबलावर झोपवून 128 हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "गार लागलं." थरथर जाणवते? "कसली थरथर?" डोळे मिटायला सांगून अंगठा कडेने धरला आणि वर-खाली केला. वर आहे की खाली, हे त्या अंदाजाने सांगत होत्या आणि निम्म्या वेळा चुकत होत्या. शेवटी पिन टोचली. "अगं बाई, टोचतंय की!"

याच उत्तरामुळे मला नीट उमगलं. पायाला गार कळत होतं, टोचलेलं कळत होतं, पण तो पाय कुठे आहे हे कळत नव्हतं.

पंचेंद्रियांच्या यादीत ही जाणीव येतच नाही. शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1906 मध्ये तिला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. हालचाल करणाऱ्या बहुतेक स्नायूंत मसल स्पिंडल नावाचे, ताण टिपणारे सूक्ष्म ग्राही असतात. स्नायू ताणला की तिथल्या चेतातंतूच्या टोकावरचं पिएझो-2 हे प्रथिन उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं ते पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी. स्थितीचे आणि कंपनाचे संदेश जाड, मायलिनचं वेष्टण असलेल्या तंतूंमधून मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. वेदना आणि तापमान बारीक तंतूंमधून येतं आणि मज्जारज्जूत बाजू बदलून वेगळ्या वाटेने चढतं. त्यामुळे एक वाट बिघडली तरी दुसरी शाबूत राहू शकते. मग पडण्यापासून वाचवायला उरतात डोळे आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय. डोळ्यांवर साबण आला की एकटा कान पुरत नाही.

मायलिन टिकायला बी-12 हे जीवनसत्त्व लागतं आणि ते मुख्यतः दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. काकू शाकाहारी, दूध पचत नाही म्हणून कित्येक वर्षं सोडलेलं, चहाही कोराच. त्यात ऍसिडिटीची गोळी रोजची. अन्नातल्या प्रथिनांतून बी-12 सुटायला पोटातलं ऍसिड लागतं, तेही त्या गोळीने कमी झालेलं. हिमोग्लोबिन चांगलं होतं, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. रक्त कमी नसतानाही नसांचं नुकसान होऊ शकतं. मी डॉक्टरांना सगळं लिहून कळवलं. त्यांनी तपासणी केली, बी-12 फारच खाली आलं आणि इंजेक्शनं सुरू झाली.

माझ्याकडे फ्रेंकेलचे व्यायाम. फरशीवर खडूने पावलं काढायची आणि नजर पायावर ठेवून, मोजून त्या खुणांवर पाय टाकायचा. जे काम पायांनी स्वतःहून करायचं, ते तूर्त डोळ्यांकडून करून घ्यायचं. आंघोळ स्टुलावर बसून, दाराला कडी न लावता.

काही महिन्यांनी घोट्यावरची थरथर कळायला लागली. अंगठ्यावर अजून नाही आणि ती पूर्ण परत येईलच असं मी त्यांना सांगितलेलं नाही. नुकसान किती जुनं, यावर ते अवलंबून असतं. चालणं सुधारलंय. पलंगापासून न्हाणीपर्यंत लावलेला रात्रीचा दिवा काढू का, असं परवा विचारत होत्या. मी ठाम नाही म्हटलं.