चष्मा, टाय आणि जावक रजिस्टर

दुपारी लाईट गेली, पुस्तक मिटून चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत बसलो होतो आणि एकदम जॉन ल कारेच्या कादंबऱ्यांमधला हेर स्माइली आठवला. तो टायच्या रुंद टोकाने काचा पुसतो. बास, पंखा सुरू होईपर्यंत मी लंडनमधेच.

ब्रिटिश हेरकथा म्हटलं की लोक लगेच बाँडच्या गाड्या काढतात. काढोत बापडे. मला आपले ल कारेचे ऑफिसवाले हेर आवडतात, भिजलेले रेनकोट, गार झालेला चहा, बढतीवरून कुरबुरी, म्हणजे थोडक्यात आपलंच एखादं खातं, फक्त पाऊस तिकडचा. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मधे (१९७४) पिस्तुलांपेक्षा फायलीच जास्त. वरच्या चार डोक्यांतला फितूर कोण ते शोधायचंय आणि नेमकी त्या एका रात्रीची ड्यूटी लॉगमधली पानंच गायब! माझ्या अंगावर अजून काटा येतो.

बाबांच्या नाही आला. ते सरकारी खात्यात आवक-जावकला होते. कॉलेजात असताना जेवताना मी त्यांना हा प्रसंग अगदी रंगवून सांगितला, तर घास हातात तसाच धरून म्हणाले, "पहिल्या पानावर दाखला नव्हता का, या रजिस्टरात १ ते २०० पानं आहेत म्हणून? खाली सही-शिक्का? आम्हाला शिकवलं आणि स्वतः विसरले लेकाचे."

मग मी खऱ्याखुऱ्या फितुराचं, किम फिल्बीचं सांगितलं. जन्म आपल्या अंबाल्याचा, १९१२चा, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात मोठा साहेब आणि आतून रशियाचा माणूस. १९६३च्या जानेवारीत त्याचा जुना जिगरी दोस्त इलियट बैरूतला जाऊन समोर बसला, चहा झाला, दोस्ताने तोंडावर सांगितलं की सगळं कळलंय, आणि थोड्याच दिवसांत फिल्बी रातोरात पसार, थेट मॉस्को.

यावर बाबा काहीतरी खोट काढतील म्हणून मी वाट बघत होतो. "चहाचे पैसे कोणी दिले?" एवढंच विचारलं त्यांनी.

तेव्हा मी हसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या ज्या माणसाबरोबर त्यांनी अकरा वर्षं डबा खाल्ला, त्याच्या पतपेढीच्या कर्जाला ते जामीन राहिले होते आणि तो एक दिवस गाव सोडून गेला, हप्ते आमच्या घरातून गेले, हे आईने मला फार नंतर सांगितलं. बाबांनी कधीच नाही. त्याचा विषय निघाला तर अजूनही 'साहेब' म्हणतात.