रुमालाने न अडणारी धूळ

बाबा खाणीत ड्रिल मशीनवर होते, २२ वर्षं. शिफ्टवरून आले की तोंडाला बांधलेला रुमाल बादलीत टाकायचे आणि पाणी लगेच राखेच्या रंगाचं. आई म्हणायची, बघा केवढी धूळ अडवली. आम्हालाही तसंच वाटायचं.

आता कळतंय, रुमालावर दिसायची ती जाड धूळ, ती तशीही नाकाघशात अडकते आणि खोकल्यातून पडते. वाट लावते ती ५ मायक्रॉनच्या आतली, डोळ्याला न दिसणारी, रुमालातून आरामात थेट फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जाते. दगडातला सिलिका तिथे पोचला की शरीरातल्या पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतःच मरतात, मग दुसऱ्या येतात, त्यांचंही तेच, असं होत होत व्रण धरतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. कोळसा खाणवाले म्हणतील आमच्याकडे दगड कुठे, पण कोळशाच्या थराबरोबर वरखालचा दगडही कापला जातोच की.

फसवं म्हणजे हे सगळं उशिरा कळतं. बाबा रिटायर झाल्यावर चौथ्या वर्षी जिन्यात मधेच थांबून चप्पल नीट करायला लागले. रोज. चप्पल ठीकच आहे आणि ते दम खातायत हे लक्षात यायला आम्हाला कितीतरी महिने गेले. पहिल्या डॉक्टरने टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, काम काय करायचात हे विचारलंच नाही. (सिलिकोसिसवाल्यांना टीबीही पटकन होतो, त्यामुळे गोंधळात भर.) दुसऱ्याने एक्सरे उजेडाकडे धरला, वरच्या भागात बारीक बारीक ठिपके, आणि पहिला प्रश्न, "नोकरी कुठे होती?" बरं करणारं औषध नाही, आणि धूळ सुटली तरी आजार वाढू शकतो, हेही त्यानेच सांगितलं.

एन ९५ मास्क चांगलाच, पण दाढी असेल तर कडेने हवा शिरते. खरा उपाय त्याच्या आधीचा, पाणी सोडत ड्रिल मारायचं म्हणजे धूळ फारच कमी उडते, आणि हवा खेळती ठेवायची. मी तावातावाने बाबांना विचारलं, तुमच्याकडे पाण्याची सोय नव्हती का? म्हणाले, होती ना, पण अंगावर चिखल उडायचा, शिफ्टभर ओलं राहायला लागायचं, म्हणून आम्हीच नळी काढून ठेवायचो.