तुम्ही विचारलंत म्हणून: गणित कुठून आलं?

लग्नकार्यात, पालकसभेत, ऑफिसात नवीन साहेब आले की, प्रश्न ठरलेला. "तुम्ही सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, आई विड्या वळायची. मग गणित कुठून आलं?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात. "विड्यांचे कट्टे मोजून मोजून आलं असेल, नाही का?"

एकदाचं लिहूनच टाकते. नाही, तसं नाही आलं.

विड्या मोजून गणित येत असतं तर कन्ना चौकाच्या आसपास घरटी एक गणितज्ञ निघाला असता. अम्मा हजार विड्या वळायची म्हणजे काय, ते मी शेजारी बसून बघितलंय. मांडीवर सूप, ओलवलेली पानं, पत्र्याच्या मापानं कातरलेला तुकडा, चिमूटभर तंबाखू, वळलं, दोरा गुंडाळला, टोक दुमडलं, पुढची. हात थांबला की कारखान्यात माल द्यायची वेळ हुकली. गणितात उलटं. तिथं हात थांबवून बसावं लागतं, आणि आमच्या घरात तशी बसायची चैन कुणालाच नव्हती. मला मिळाली, कारण माझ्या वाटणीच्या विड्या धाकटी वळायची. तिला गणित का नाही आलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

शाळेचा गणिताचा संघ म्हणजे आम्ही तिघं. मी, माझ्या बाकावरची मैत्रीण, आणि होटगीहून येणारा एक मुलगा, त्याच्या घरी कन्नड. शाळा सुटल्यावर बाई आम्हाला प्रयोगशाळेत बसवायच्या, कारण पंखा तिथलाच धड चालायचा. खरं सांगायचं तर मी नाव दिलं ते पंख्यासाठी. सोलापूरच्या उन्हाळ्यात शाळेत बसलेल्यांना हे कारण पटेल.

1996 साली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड मुंबईत झालं, त्याचं कात्रण बाईंनी फळ्याशेजारी चिकटवलं होतं. आमच्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं: दोन दिवस, सहा गणितं, रोज साडेचार तास. म्हणजे साडेचार तासांत फक्त तीन गणितं! आम्ही शिष्यवृत्तीच्या परीक्षेत धापा टाकत प्रश्न उडवत आलेली पोरं. "म्हणजे अडून बसलं तरी चालतंय की बे," होटगीवाला म्हणाला. मग आम्ही मनसोक्त अडून बसायला लागलो.

घरी जाताना गाड्यांचे नंबर. एमएच 13 च्या पुढचे चार आकडे घ्यायचे, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करायचा. 3524 असेल तर 5432 उणे 2345, आले 3087. मग 8730 उणे 0378, 8352. मग 8532 उणे 2358, 6174. त्यापुढं गाडी हलतच नाही. चारही आकडे सारखे नसले की फार तर सात पायऱ्यांत 6174 येणारच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा 1949 सालचा शोध. बाईंनी एवढंच सांगितलं. का येतं, ते मुद्दाम सांगितलं नाही. त्यावर आम्ही अशोक चौकापर्यंत भांडत जायचो. एकदा मैत्रीण या नादात रिक्षासमोर गेली. रिक्षावाल्यानं तेलुगूतून जे ऐकवलं ते मी तिला भाषांतर करून सांगितलं नाही.

आता ती स्पर्धा. दहावीतली, आंतरशालेय. सभागृह भरलेलं, टेबलावर घंटी. अम्मा त्या दिवशी काम टाकून आली होती, मागच्या रांगेत. सूत्रसंचालकांनी माइकवरून माझी विचारपूस केली. वडील? यंत्रमागावर. आई? विड्या वळते. "अरे वा, म्हणजे घरातच गणित!" हशा. हातातली चिठ्ठी त्यांनी खाली ठेवली. "मग सांग बाळ, पंचवीसचा एक कट्टा, तर हजार विड्यांचे कट्टे किती?"

"चाळीस."

टाळ्यांचा कडकडाट. दहा गुण. दहावीच्या मुलीला, पाचवीतला प्रश्न.

मैत्रीण उभी राहिली. "सर, हा प्रश्न चिठ्ठीतला नव्हता. आम्हाला चिठ्ठीतला द्या." सभागृह गप्प. सरांनी गुण खोडायला लावले आणि चिठ्ठी वाचली: एक ते शंभर या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर शेवटी शून्यं किती? त्यावर आम्ही प्रयोगशाळेत अख्खी संध्याकाळ घालवली होती. शून्य येतं पाच आणि दोनाच्या जोडीतून, दोन भरपूर, म्हणून पाच मोजायचे. पाचाच्या पटीतल्या वीस, पंचवीसच्या पटीतल्या चार, त्यांचा पाच आणखी एकदा, म्हणून चोवीस. ते तोंडात आलं आणि घंटी वाजली. रोख बक्षीस पहिल्या संघाला, आम्हाला पेनं.

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. तिचे वडील बँकेत. गुण परत करणं तिला परवडत होतं. मला त्या पैशांतून क्लासची फी भरायची होती. शिवाय अपमान माझा, तर परत करायचा की गिळायचा हे मी ठरवायचं ना? ती सोळा वर्षांची मुलगी माझ्यात अजून हेच म्हणते. मी तिला समजावते, की ती नुसती गंमत नव्हती, आज तुला लोक विचारतात तो हाच प्रश्न होता. ती विचारते, मग अम्माचं काय? अम्माला तो प्रश्न आवडला होता. स्टेजवरून, माइकवरून कुणीतरी तिच्या कामाचा हिशोब विचारला होता, आणि पोरीनं तो चुटकीसरशी दिला होता. घरी जाताना तिनं एकच विचारलं: बरोबर उत्तराचे गुण काढून का घेतले? मला सांगता आलं नाही. आजही सांगता येईल असं वाटत नाही.

मैत्रीण आता पुण्यात असते. दिवाळीत आली की हा विषय निघतोच. ती म्हणते, तो प्रश्न तुला नव्हता, तुझ्या आईच्या धंद्याला होता. मी म्हणते, असेल. चाळीस बरोबर होतं की नाही ते सांग.