मोबाइल आणि मुलांची झोप: शाळांत पाहणी करताना

नाशिकच्या शाळांत पाहणी करायची तर जुलै-ऑगस्ट गाठा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, आणि दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची काढणी. पालक सहीला सापडत नाहीत.

आधी नैतिक समितीची (संशोधनात सहभागींचं हित जपलं जातंय ना, हे तपासणारी समिती) मंजुरी, मग मुख्याध्यापकांचं पत्र. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय बारा वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची लेखी संमतीही. फॉर्म साध्या मराठीत हवा, नाहीतर दप्तरातच राहतो.

खरी गडबड मोजणीत होते. ‘रोज किती तास मोबाइल?’ याचं उत्तर बहुधा अंदाजपंचेच असतं. फोनच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मधले (फोन किती वेळ वापरला ते दाखवणारी सोय) आकडे तारखेनुसार उतरवून घ्या. पण सातपूर-अंबडच्या कामगार घरांत फोन अनेकदा एकच, आई शिफ्टला गेली की तोही तिच्यासोबत. म्हणून ‘हा फोन आणखी कोण वापरतं?’ हा रकाना आधी. झोपण्याची वेळ शाळेच्या दिवसाची आणि रविवारची वेगळी विचारा.

प्रश्नावली भरताना शिक्षक वर्गाबाहेर. हे शाळेला पटवणं सगळ्यात अवघड! स्वतःला इजा करण्याबद्दल कुणी लिहिलं, तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे. त्यासाठी कागद त्याच दिवशी वाचले गेले पाहिजेत. १४४१६ (टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) हे क्रमांक प्रत्येक मुलाला द्या.